तपासनीस

चिकुनगुनिया गेला तेव्हा मी नारळबिरळ फोडला नाही.
सांधे धरून का होईना
ओट्यापाशी उभी राहत होते, तेवढं पुरे.
जेल रोडला त्या साली सगळ्यांनाच झाला होता.
आमच्या बिल्डिंगीत पोरंसोरंसुद्धा
कठडा धरून उतरायची, म्हाताऱ्यांसारखी.

मग सतराव्या दिवशी
चप्पल पायात आहे की नाही
ते वाकून बघावं लागलं.

आधी तळवे. मुंग्या. मग पोटऱ्या.
शुक्रवारी पाय तिसऱ्या पायरीपर्यंत उचललाच नाही.
शनिवारी हातातून बशी गेली
ती मला आवाजावरून कळली.

बिटकोजवळच्या डॉक्टरांनी गुडघ्यावर रबरी हातोडी मारली.
पुन्हा मारली.
हातोडी खिशात ठेवून
ह्यांना बाहेर बोलावलं.

एकोणतीस वर्षं मी नोट प्रेसमध्ये, तपासणीला.
भोंगा झाला की हात पुसायचे आणि बसायचं.
शाई फुटलेली, आकडा घसरलेला, कड तिरकी:
आधी बोट अडायचं, नजर मागून यायची.
बाद.
नव्या मुलींना सांगायचे,
डोळे दमतात गं, बोटाला विचारा.

न्यूरॉलॉजिस्ट अगदी पोरगा, बोलण्यावरून कळवणकडचा.
म्हणाला, मावशी, विषाणू केव्हाच गेला.
त्याला मारायला उठलेलं तुमचंच सैन्य
आता तुमच्या नसांवरची वेष्टनं कुरतडतंय.
तोंडवळा सारखा वाटला म्हणून. चुकून.
म्हटलं, म्हणजे खऱ्या नोटा बाद करतंय.
तो नुसता हसला.
मी काय काम करते, त्याला कुठे माहीत.
आमच्याकडे अशी तपासणी कुणी केली असती
तर संध्याकाळच्या आत मेमो.

रोज सकाळी तो म्हणायचा, एका श्वासात आकडे म्हणा.
पहिल्या दिवशी सत्तावीस.
दुसऱ्या दिवशी एकोणीस.
तिसऱ्या रात्री अकरा,
आणि बाराचा बा ओठांवरच राहिला.
गड्ड्याच्या गड्ड्या मोजलेली बाई मी.
बारा.

क्लेम मिळेल पण मागाहून, आधी रोख.
रोज पाच बाटल्या, पाच दिवस.
‘गायधनींचं कोण आहे?’ काउंटरवरून हाक आली,
हे पिशवी घेऊन उठले,
आणि मग मशीनचा तो फर्रर्र आवाज
काचेचं दार लोटून माझ्या खाटेपर्यंत.
माझ्या हाताखालून गेलेल्या असतीलही त्यात दोनचार.
मला कशा ओळखतील.

बाटलीतलं ते पाणी म्हणे हजारो माणसांच्या रक्तातून गाळलेलं.
झोप नव्हती, तेव्हा मी त्यांना धरून आणायचे एकेकाला:
कुणी रिक्षावाला असेल, कुणी कॉलेजची मुलगी,
रक्त देऊन बिस्किटाचा पुडा फोडणारी.
थेंब पडायचा, मी एक म्हणायचे.
थेंब पडायचा.
सकाळी आकडे विचारले तेव्हा चौदा झाले.

आता घरी आहे. चमचा दोन्ही हातांनी.
नाझिमा येते एक दिवसाआड, स्कूटीवर, घाईत.
कापडी पिशवीत माझा हात घालते,
आत बटण, राजमा, किल्ली, एक नाणं.
डोळे मिटा, काय लागलं?
मी म्हणते, पिशवी.
ती रागावत नाही, म्हणते, पुढच्या वेळी.

काल दुपारी दोनचा भोंगा झाला.
खिडकीतून प्रेसची भिंत दिसते, माणसं दिसत नाहीत.
ह्यांनी मला डोळे मिटायला लावले
आणि माझं बोट धरून कशावर तरी ठेवलं.
सांग, दहाची की शंभराची?
मी फिरवत राहिले. सावकाश. पुन्हा.
उठावाच्या रेघा असतात तिथे मला ठाऊक आहेत,
कुठून सुरू होतात, कुठे थांबतात, झोपेतसुद्धा.
एकही लागली नाही.

म्हटलं, कागद आहे.

हे काही बोलले नाहीत.
डोळे उघडले तर उलटा हात नाकाखाली धरून उभे,
आणि नोट माझ्या मांडीवर,
फाटकी, चिकटपट्टी लावलेली,
आमच्या टेबलावर क्षणभरही टिकली नसती अशी.